उद्या माझी मांडी दुखणार

११ जानेवारी

चौथी आले.

चौथ्या नंबरला काहीच नसतं. पहिल्या तिघींना पायऱ्यांवर उभं करतात आणि चौथी त्या पायऱ्यांच्या मागून आपली पिशवी शोधत जाते. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा मी दुसरी होते. मग दोघी बाजूने अशा गेल्या, जणू मी बसस्टॉपचा खांब. त्यातली एक लांबी. लांबी म्हणजे माझी मैत्रीण, आमच्याच गटातली, एका वर्षाने मोठी, नुसते पायच पाय. पुढे गेल्यावर तिने मागे वळून बघितलंसुद्धा नाही. बघायचं नसतंच, मीही बघितलं नसतं. तरी लागलं.

सर रागावले नाहीत. सर कधीच रागावत नाहीत, त्यामुळे जास्तच वाईट वाटतं. त्यांनी पाण्याची बाटली दिली, खाली बसून माझ्या बुटाची सुटलेली नाडी स्वतः बांधली आणि म्हणाले, "काडी, मन आहे, दम आहे. शरीर कमी पडतंय. बघू आपण." शाळेच्या मैदानावरून मला त्यांनीच उचललं, तेव्हापासून मी काडी. अठरा पूर्ण झाली तरी काडीच.

ही डायरी वहिनीने दिली. तिच्या पार्लरला एका क्रीमवाल्या कंपनीकडून आलेली आहे, प्रत्येक पानाच्या खाली एका बाईचा गुळगुळीत गाल. म्हणाली, रडायचं असेल तर हिच्यात रड, उशीचे अभ्रे धुऊन मी थकले. दोन वर्षांपूर्वी ती दादाशी लग्न करून आली तेव्हा मला मुळीच आवडायची नाही. आई गेल्यापासून घरात मी एकटीच बाई होते आणि माझी सत्ता होती. आता आवडते. पण सांगणार नाही.

१५ जानेवारी

मैदानाच्या कोपऱ्यात सामानाची खोली आहे. अडथळे, भाले, फाटक्या गाद्या. सराव संपल्यावर सरांनी मला आणि लांबीला तिथे बोलावलं. लांबीला सवय असावी, तिने आपणहून बाही वर केली. मग माझी पाळी. सर म्हणाले, जीवनसत्त्वं आणि लोह आहे, ताकदीचं. बाटलीवरचं लेबल खरवडलेलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, ओळखीतून मिळतं, विक्रीसाठी नसतं म्हणून लेबल काढतात. असेल. माझा चेहरा बघून लांबी हसत सुटली. म्हणाली, पंचवीस फेऱ्यांना घाबरत नाही आणि एवढ्याशा सुईला घाबरते.

निघताना सर म्हणाले, याची वाच्यता नको, दुसऱ्या गटांचे कान तिखट असतात. घरी पण सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय?

६ फेब्रुवारी

पाय माझेच आहेत का, असं वाटायला लागलंय. परवा टेकडीच्या चढावर कितीतरी वेळा वर-खाली केलं, काल पुन्हा लांब पल्ला, तरी आज जिना चढताना मांड्यांनी कुरकुर केली नाही. पूर्वी असा आठवडा गेला की मी भिंत धरून मोरीत जायचे. सर म्हणतात, मेहनतीला फळ येतंय. येणारच. मी काय कमी घासतेय?

आठवड्यातून एकदा सामानाच्या खोलीत जाणं चालू आहे. सुईची भीती गेली. बाबा माझे दंड दाबून म्हणाले, आता काडी कुठली, वासा झालीस. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. भक्कम वस्तू दिसली की त्यांना बरं वाटतं.

२२ फेब्रुवारी

आज दादावर ताट फेकलं. त्याला लागलं नाही, भिंतीला आपटून पडलं. कारण काय, तर त्याने माझा टॉवेल वापरला. फेकल्यावर मलाच कळेना की हे मी केलं. दादा नुसता बघत राहिला. सरांना सांगितलं तर म्हणाले, जिंकणाऱ्यांच्या अंगात रग असतेच, ती मैदानावर आण. बरोबर आहे.

तोंडावर पुटकुळ्या उठल्यात, पाठीवर तर विचारू नका. घामानेच. आणि परवा बाबांना फोन केला तर म्हणाले, "बोल रे." त्यांना दादा वाटला. आम्ही खूप हसलो. वहिनी हसली नाही. तिला विनोद उशिरा कळतात.

१० मार्च

जिंकले.

दहा हजार मीटर, मोठ्यांच्या गटात, पहिल्यांदाच. शेवटच्या दोन फेऱ्यांत मी मागे बघितलं नाही कारण मागे कोणी आहे असं वाटतच नव्हतं. लांबी दुसरी. ती मला मिठी मारून म्हणाली, "कानामागून आलीस आणि तिखट झालीस." हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. मे महिन्यात देशाच्या संघासाठी निवड स्पर्धा आहे. तिथे फक्त पहिलीला जागा. एकीलाच.

बाबांनी ज्या ज्या इमारतीत आज काम होतं तिथे तिथे सांगितलं. एका आजोबांनी म्हणे विचारलं, पोरगी एवढी पळते तर तुमची लिफ्ट एवढी हळू का?

सर मात्र शांत होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले की माझं जे राहिलं ते तू कर. सर धावायचे तेव्हा निवड स्पर्धेत एका नंबराने राहिले होते, हे गटात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितल्यासारखंच झालं.

२१ मार्च

वहिनीशी भांडण झालं.

तिने मला खिडकीजवळ उजेडात बसवलं होतं, भुवया कोरायला. दोरा दातात धरून ती एकदम थांबली. माझी हनुवटी वर केली, डावीकडे, उजवीकडे. मग दोरा सोडला.

"हे कधीपासून?"

मी म्हटलं, काय? तिने आरसा दिला. हनुवटीखाली केस होते. लव नाही, केस. काळे. मी म्हटलं, सगळ्यांना येतात. ती म्हणाली, रोज पंचवीस-तीस बायकांच्या हनुवट्या बघते मी, सगळ्यांना येत नाहीत, आणि दोन महिन्यांत तर नाहीच. मग तिने पाळीचं विचारलं. जानेवारीनंतर आलेली नाही. मला तर सुटल्यासारखं झालं होतं. पळणाऱ्या मुलींची जाते, लांबीचीही गेली आहे.

"सर तुला काय देतात?"

हे तिने इतक्या हळू विचारलं की मला राग आला. मी म्हटलं, जीवनसत्त्वं. म्हणाली, बाटली बघितलीस? नाव काय? मी म्हटलं, तुला सगळं नाव वाचूनच कळतं का? माझं चांगलं चाललंय ते तुला बघवत नाही, तुझं स्वतःचं काही झालं नाही म्हणून. हे बोलायला नको होतं. ती दोरा गुंडाळत बसली. माझी एकच भुवई कोरलेली आहे. उद्या तशीच मैदानावर जाईन.

२७ मार्च

वहिनी मैदानावर आली. मला न विचारता, पार्लरचा एप्रन तसाच अंगात. मी फेऱ्या मारत होते आणि प्रत्येक फेरीला ती दोघं बाकावर दिसत होती. सरांनी तिला बसायला स्वतःचा टॉवेल अंथरून दिला होता, चहा मागवला होता. लाजेने माझा वेग वाढला.

नंतर सर म्हणाले, वहिनी काळजी करणाऱ्या आहेत, चांगल्या आहेत, पण घरचे लोक नेहमी मागेच ओढतात, त्यांचा दोष नाही. त्यांनी तिला रक्तातलं लोह वगैरे समजावून सांगितलं म्हणे. घरी मी तिला विचारलं, झालं समाधान? ती म्हणाली, "फार गोड बोलतात तुझे सर. मी बाटली मागितली तर चहा दिला."

त्या भांडणापासून आम्ही कामापुरतंच बोलतो. मीठ कुठे आहे, दार लाव.

१६ एप्रिल

सरांनी ताकदीचं बंद केलं. निवड स्पर्धेपर्यंत शरीराला विश्रांती, आणि पाणी भरपूर प्यायचं. खोलीतल्या कॅलेंडरवर बोट फिरवत ते आठवडे मोजत होते, ओठ हलत होते, जणू पाढे म्हणतायत. हेही फक्त लांबीला आणि मलाच सांगितलं.

२४ एप्रिल

काल आणि आज दोन्ही दिवस वाईट गेले. पाय ओले पोते झालेत. ज्या वेगाने मार्चमध्ये गप्पा मारत पळायचे त्या वेगाला आज धाप लागली. लांबी पुढे निघून गेली.

मी सरांच्या मागे सामानाच्या खोलीत गेले आणि ताकदीचं पुन्हा द्या म्हटलं. ते म्हणाले, आता नको, तारीख जवळ आली. मला कळेना. तारीख जवळ आली म्हणूनच तर हवं. मी रडले. खरं सांगायचं तर जरा जास्तच रडले, कारण सरांना माझं रडणं बघवत नाही हे मला माहीत आहे. ते बराच वेळ दाराकडे तोंड करून उभे होते. मग म्हणाले, "अर्धंच. आणि लांबीलासुद्धा सांगायचं नाही."

आपल्यावर जास्त जीव आहे हे कळलं की किती बरं वाटतं.

३ मे

उद्या संध्याकाळी निवड. आम्ही इथे काल आलो. खेळाडूंच्या वसतिगृहात लांबी आणि मी एका खोलीत, दोन लोखंडी पलंग, मध्ये एक खुर्ची. बाबांनी रजा काढली आहे, तेही उद्या येणार. दुपारी जेवण झाल्यावर सर खोलीत आले. दार लावून घेतलं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि खोली तर गार होती. म्हणाले, तपासणीवाले आलेत, या वर्षी येणार नव्हते, आलेत. मग आमच्याकडे न बघता म्हणाले,

"उद्या तुमच्या दोघींच्या मांड्या दुखतायत. वॉर्म-अपला यायचं, लंगडायचं, पट्टी बांधून बसायचं. पुढच्या वर्षी संधी आहे."

मी म्हटलं, सर, माझी मांडी दुखत नाही. ते म्हणाले, "दुखते." आणि गेले. पहिल्यांदा त्यांनी माझ्याशी असा आवाज काढला.

लांबी पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली. मी म्हटलं, जीवनसत्त्वांना तपासणीची कसली भीती? हे काहीतरी वेगळंच आहे, सरांनी दुसऱ्या गटाच्या कोचशी काही ठरवलंय, त्यांची मुलगी जावी म्हणून. लांबी माझ्याकडे बघत राहिली.

"तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"काही नाही. सर सांगतात ते ऐक."

मग ती रडायला लागली. मी तिला विचारणार होते, पण मनात आलं, ही मला घाबरते. मी पळाले तर मीच जिंकेन, हे हिला माहीत आहे. तीही सरांना सामील असेल. चार महिने घासून शेवटी लंगडायचं नाटक करायचं? आणि बाबा वर प्रेक्षकांत बसून ते बघणार?

५ मे

कालचं सगळं नीट क्रमाने लिहिते.

वॉर्म-अपला लांबी आली, लंगडली, मांडीला पट्टी बांधून कठड्याला टेकून बसली. छान लंगडली. मी लंगडले नाही. नावं पुकारली तेव्हा मी जाऊन रेषेवर उभी राहिले. सर पलीकडच्या वळणावर उभे होते. त्यांनी मान हलवली, नाही, नाही. मी बुटांकडे बघितलं.

पहिल्या दहा फेऱ्या सगळ्या गठ्ठ्याने. कोपरं लागत होती, कोणाच्या तरी बुटाचा खिळा माझ्या पोटरीला घासून गेला. प्रत्येक फेरीला त्या वळणावर सर एक शब्द टाकायचे, नेहमीची सवय, त्यावर मी वेग बेतते. चौथ्या की पाचव्या फेरीला बघितलं तर वळण रिकामं. मग कधीच दिसले नाहीत. आता कोणाचं ऐकायचं? वरून बाबांचा आवाज येत होता. त्यांना शर्यतीतलं काही कळत नाही, ते ओरडत होते, "सावकाश, सावकाश." बाकी लोक हसत होते. मी खरंच सावकाश राहिले. दुसऱ्या गटाची मुलगी पुढे गेली, मी जाऊ दिली. घशात तांब्याची चव आली. पाय जड झाले, पण मेले नाहीत. शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या तेव्हा मी तिच्या खांद्याशी गेले. तिच्या श्वासाचा शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि तो ऐकल्यावर मला समजलं की हिचं संपलंय. घंटा वाजली. मी गेले.

देशाच्या संघात निवड झाली. बाबा कठड्यावरून वाकून रडत होते. लांबी मघाच्या जागी नव्हती. सर कुठेच नव्हते.

पायऱ्यांवरून उतरले तर निळ्या जाकिटातल्या एक बाई माझ्यासाठी उभ्या होत्या. तपासणीसाठी चला. मी आनंदाने गेले. मोठ्या खेळाडूंचीच तपासणी होते. बाई सावलीसारख्या बरोबर, तोंड धुतलं तरी बरोबर. लघवी होईना. पंचवीस फेऱ्यांत अंगातलं सगळं पाणी गेलेलं. बाटल्यांवर बाटल्या प्यायले, नळ सोडून ठेवला, बाई भिंतीकडे बघत उभ्या. शेवटी झाली. मग त्यांनी विचारलं, गेल्या काही दिवसांत काही औषधं घेतलीत का. खरं ते सांगितलं. सर ताकदीची इंजेक्शनं देतात. जीवनसत्त्वांची. शेवटचं दहा दिवसांपूर्वी, अर्धं.

बाईंचं पेन थांबलं. पुन्हा सांगायला लावलं. कोण देतं, कुठे, बाटलीवर काय लिहिलेलं असतं. लेबल नसतं, हेही मी सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं, माझी सही घेतली. मग घरी कोण कोण आहे विचारलं. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. अभिनंदन मात्र केलं नाही. कामाच्या गडबडीत विसरल्या असतील.

९ मे

सर फोन उचलत नव्हते. आज मैदानावर भेटले. त्यांनी विचारलं, तपासणीत काय विचारलं, तू काय सांगितलंस. मी सांगितलं. ते ऐकता ऐकता अडथळ्यांच्या रचलेल्या ढिगावर खाली बसले.

"इंजेक्शन म्हणालीस? माझं नाव?"

मी म्हटलं, खोटं कशाला सांगू? जीवनसत्त्वंच तर आहेत ना, सर?

सर बुटाच्या टोकाने माती उकरायला लागले. मी पुन्हा विचारलं. ते उठले आणि तेच अडथळे सरळ रचायला लागले. मी घरापर्यंत पळत आले, पिशवी तिथेच विसरून.

रात्रीच्या जेवणाला बसले नाही. वहिनीने माझं ताट झाकून ठेवलं.

२८ मे

पत्र आलं. बाबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं आणि मधल्या शब्दावर अडकले. वहिनीने पुढे वाचलं. पुरुषांच्या अंगातलं असतं ते, प्रयोगशाळेत बनवलेलं. माझ्या लघवीत सापडलं. निवड रद्द, निकाल लागेपर्यंत कुठल्याही स्पर्धेत भाग घ्यायचा नाही, पुढच्या महिन्यात समितीसमोर सुनावणी.

वहिनी म्हणाली नाही की मी सांगत होते. म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ती मला सरळ डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. पाळी येईल, त्या म्हणाल्या, वेळ लागेल. केस कमी होतील. आवाजाचं सांगता येत नाही, राहील तसा राहील.

मार्चमधली ती शर्यत. निवड. त्या फेऱ्या कोणी मारल्या मग?

१ जून

सर घरी आले. पहिल्यांदाच. खुर्चीच्या अगदी कडेला बसले, वाळलेले दिसत होते. बाबांना म्हणाले, यातून मार्ग आहे. पार्लरमध्ये केसांच्या, त्वचेच्या कसल्या कसल्या गोळ्या असतात. पुटकुळ्यांवर म्हणून वहिनीने एखादी दिली, मुलीला काय माहीत. इंजेक्शनचं ती थकव्याने काहीतरी बोलून गेली, असं म्हणायचं. अजाणता झालेली चूक म्हणून थोडक्यात सुटेल, पुढच्या वर्षी ट्रॅकवर. नाहीतर चार वर्षं. चार वर्षांनी कोण विचारतं?

बाबांनी विचारलं, सुनेचं काय होईल? सर म्हणाले, काही नाही, त्या थोड्याच खेळाडू आहेत. दादा उठून बाहेर निघून गेला. बाबा बोटांनी मांडीवर ठोकत बसले. ते विचार करतायत, हे मला दिसत होतं. नाही म्हणत नव्हते.

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली, "चालेल. माझं नाव सांगा. पार्लर काय, दुसरं मिळेल."

मला हायसं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं. सर उठले, आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले. मी मागे सरकले. का ते माहीत नाही.

३ जून

आज दुपारी वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, आपलं दोघींचं बोलणं जुळायला हवं, समिती वेगवेगळं विचारेल. गोळी कधी दिली? फेब्रुवारीत म्हणू. किती दिवस? पाण्याबरोबर की दुधाबरोबर? ती एकेक विचारत होती, जशी मला परीक्षेआधी प्रश्न विचारायची.

"रंग कोणता सांगायचा?" तिने विचारलं. "पिवळा सांगू या. पिवळी गोळी साधी वाटते."

मी तिच्याकडे बघितलं. ती खरंच विचार करत होती. पिवळी की पांढरी. जी बाई त्या दिवशी एप्रन न काढता माझ्यासाठी मैदानावर आली, ती आता मला विष देणारी होणार, आणि त्यातही रंग नीट निवडत होती.

मी म्हटलं, वहिनी, गोळी नव्हती.

"माहीत आहे गं."

"मग सांगायची नाही."

ती म्हणाली, चार वर्षं. मी म्हटलं, मोजता येतात मला. मग मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, या खरखरीत आवाजात, बैलासारखी. ती केसांतून हात फिरवत राहिली. पुटपुटल्यासारखी म्हणाली, मला फार भीती वाटत होती, खोटं बोलताना माझे कान लाल होतात.

बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, मी परवा नाही म्हणायला हवं होतं. आणि हातोडी घेऊन उगाचच दाराची बिजागरी ठोकत बसले.

१७ जून

सुनावणी. लांब टेबल, पलीकडे तिघं, अलीकडे मी. बाजूच्या खुर्चीत सर, इस्त्रीचा शर्ट. मी सगळं सांगितलं. सामानाची खोली, खरवडलेलं लेबल. शेवटचं अर्धं मी स्वतः रडून मागितलं होतं, हेही. मधल्या बाईंनी विचारलं, ते काय आहे हे तुला माहीत होतं? मी म्हटलं, नाही. मग सरांकडे बघून म्हटलं, माहीत करून घ्यायचं नव्हतं.

सर म्हणाले, मुलीवर माझी लेकीसारखी माया आहे, ती घाबरली आहे, मी कोणालाही काहीही दिलेलं नाही. त्यांचा आवाज जरासुद्धा कापला नाही. आणि लेकीसारखी हे त्यांचं खरंच असेल, हे सगळ्यात वाईट.

मग त्यांनी लांबीला बोलावलं. ती माझ्या बाजूने बोलेल अशी माझी खात्री होती. ती टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, सामानाच्या खोलीत अडथळे असतात, भाले असतात. इंजेक्शन मी कधी बघितलं नाही.

बाहेर व्हरांड्यात ती माझ्या शेजारून गेली. मागे वळून बघितलं नाही.

२ जुलै

निकाल. दोन वर्षं. पहिल्याच दिवशी खरं सांगितलं आणि चौकशीला मदत केली म्हणून चाराची दोन झाली. मार्चचं पदक परत करायचं. सरांविरुद्ध एकटीचा शब्द पुरेसा नाही, आणखी पुरावा मिळाला तर बघू. म्हणजे सर मैदानावर, मी बाहेर. कोणत्याही क्लबबरोबर सरावसुद्धा करायचा नाही. बाबा म्हणाले, रस्त्यावर तर कोणी अडवत नाही ना?

१८ ऑगस्ट

सकाळी पाण्याच्या टाकीकडच्या रस्त्यावर पळते. सुरुवातीचे आठवडे घड्याळ लावलंच नाही, भीती वाटायची. गेल्या आठवड्यात लावलं. जानेवारीत चौथी आले होते त्याहून हळू आहे. बरीच. धाप लागते, पायात गोळे येतात, चढावर थांबावं लागतं. पण थांबले की कळतं, थांबले ती मीच. एवढंच सध्या. काही दिवशी तेवढंही पुरत नाही, मग घरी येऊन दार आपटते.

आज टाकीच्या अलीकडे मागून पावलं ऐकू आली. न बघता ओळखलं. लांबीची ढांग एवढी मोठी आहे की दोन पावलांच्या मध्ये माणूस शिंकून घेईल. ती माझ्या बरोबरीला आली. मी वेग वाढवला. तिनेही वाढवला. मग माझा दम संपला आणि मला कमी करावा लागला. तिला पुढे जाता आलं असतं, ती गेली नाही.

बराच वेळ नुसते बूट वाजत होते. मग ती म्हणाली, गटात नवी मुलगी आली आहे. सोळाची. टेकडीवर रडते पण थांबत नाही. काल सराव झाल्यावर सर तिला सामानाच्या खोलीत घेऊन गेले.

माझ्या तोंडाशी आलं होतं, तिथे तर अडथळे असतात आणि भाले असतात. आलं होतं, पण गिळलं. कारण ती पळता पळता रडत होती आणि रडत पळणं किती कठीण असतं ते मला माहीत आहे.

"त्या निळ्या जाकीटवाल्या बाई," ती म्हणाली, "त्यांच्याकडे जायचं असेल तर?"

त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे, मी म्हटलं. सरकारी इमारत, तिसरा मजला. लिफ्ट बंद असते.

"माझ्यावर पण बंदी येईल?"

"हो."

"किती?"

"माहीत नाही. तू एकदा खोटं बोललीस, ते धरतील. आपणहून गेलीस, तेही धरतील."

वळण आलं, चढ लागला, मला धाप लागली आणि मी चालायला लागले. तीही चालायला लागली. तिला गरज नव्हती. चढाच्या वर पोचल्यावर तिने बाहीने नाक पुसलं आणि म्हणाली, "किती वाजता उघडतं ते?"